फ्रेंच कायद्याखालचं सप्लाय ॲग्रीमेंट: परत कोविडसारखं काही झालं तर आपण कुठे अडकणार?

रबाळे_३१६एल:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी आणि माझा दीर मिळून बघतो, स्टेनलेसच्या सॅनिटरी फिटिंग्ज, फेरूल, क्लॅम्प, बेंड, डेअरी आणि फार्मावाल्यांना लागतात तसल्या. लिऑनकडचा एक बायर आहे, आतापर्यंत त्याचं सगळं नुसत्या पीओवर (परचेस ऑर्डरवर) चाललं, कधी कटकट नाही, आता त्याने एकदम तीन वर्षांचं सप्लाय ॲग्रीमेंट पाठवलंय. भाषा इंग्लिश आहे पण कायदा फ्रान्सचा, आणि वाद झाला तर कोर्ट पॅरिसचं.

दोन क्लॉज मला खटकतायत. एकात लिहिलंय की फोर्स मेजर, म्हणजे हाताबाहेरच्या संकटामुळे करार पाळता न येणं, फ्रेंच सिव्हिल कोडच्या कलम १२१८ प्रमाणे, आणि खाली बारीक अक्षरात, सही करताना माहीत असलेली कुठलीही साथ त्यात धरली जाणार नाही. दुसऱ्यात आहे की कलम ११९५ मधली रिस्क दोन्ही पार्टी स्वतःवर घेतात आणि त्याखाली काही मागणार नाहीत. दीर म्हणतो वहिनी हे सगळं स्टँडर्ड असतं, सही करून टाका, पोरं रिकामी बसलीयत. सीए पण तेच म्हणाले, पण त्यांनी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

मला भीती वाटते कारण २०२० मध्ये आम्ही पोळलोय. २५ मार्चला सगळं बंद, सीएनसीवरची पोरं गावी निघून गेली, अर्धा माल पॉलिशिंगवाल्याकडे जॉबवर्कला पडून आणि त्याच्या गाळ्याला कुलूप, तेव्हाच्या एका गिऱ्हाइकाने (हा नाही, दुसरा) दर आठवड्याची लेट डिलिव्हरी पेनल्टी बिलातून सरळ कापून घेतली आणि आम्ही काही करू शकलो नाही.

तर प्रश्न असा की फ्रान्सच्या कायद्यात अशी आरोग्याची आणीबाणी आली तर नेमकं काय होतं? माल उशिरा गेला तर चालतं का? आणि माल पाठवता येतोय पण निकेल नाहीतर कंटेनरचं भाडं दुप्पट झालंय, तर काय? आणि तिकडे त्याचाच प्लांट बंद झाला तर तो पैसे थांबवू शकतो का? साध्या भाषेत सांगा प्लीज.

पाचपाखाडी_बार:
ताई, आधी सांगतो, मी ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करतो, फ्रान्समध्ये नाही, सहीच्या आधी तिथल्या वकिलाला तासाभराचे पैसे द्याच. पण एक्सपोर्टवाल्या क्लायंटमुळे हा विषय बराच वाचावा लागला म्हणून लिहितोय. तुमचे तीन प्रश्न तीन वेगळ्या नियमांत जातात आणि लोक नेमके तेच एकत्र करतात.

पहिला, माल पाठवताच येत नाही. हे कलम १२१८. घटना तुमच्या हाताबाहेरची हवी, करार करताना तिचा अंदाज येण्यासारखा नसावा, आणि योग्य ती काळजी घेऊनही परिणाम टाळता येऊ नयेत. तिन्ही पाहिजेत. अडचण तात्पुरती असेल तर जबाबदारी तेवढ्यापुरती थांबते, मरत नाही, गाळा उघडला की परत सुरू. फक्त उशीर इतका असेल की समोरच्याला आता त्या मालाचा उपयोगच नाही, तर करार मोडू शकतो. अडचण कायमची असेल तर करार आपोआप संपतो आणि दोघं सुटतात.

आता ती बारीक अक्षरातली ओळ. अंदाज येण्यासारखं होतं की नाही हे सहीच्या तारखेला बघतात. डिसेंबर २०१९ ला सही केलेला माणूस कोविडबद्दल जे बोलू शकतो ते एप्रिल २०२० ला सही केलेला बोलू शकत नाही. आणि फ्रेंच कोर्टं साथीच्या बाबतीत आधीपासून कडकच आहेत. मार्टिनिकमधला डेंगी, सेंट बार्थेलेमीतला चिकुनगुनिया, एच१एन१, इबोला, या सगळ्यांवर वेगवेगळ्या अपील कोर्टांत फोर्स मेजर मागून लोक हरलेत. कारणं ठरलेली, रोग आधीपासून त्या भागात माहीत होता, किंवा तेवढा जीवघेणा नव्हता, किंवा रोगामुळेच काम अडलं हे दाखवता आलं नाही. कोविडमध्ये सूर बदलला, कोल्मारच्या अपील कोर्टाने १२ मार्च २०२० लाच कोविडमुळे झालेली परिस्थिती फोर्स मेजर धरली, पण ती केस डिटेन्शनमधल्या एका परदेशी माणसाला सुनावणीला आणता आलं नाही याची होती, धंद्याच्या कराराची नाही, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. मुळात रोग आला म्हणून कोणी सुटत नाही. सरकारी हुकुमाने तुमचा गाळा बंद झाला आणि त्यामुळे ही ठरावीक डिलिव्हरी गेली नाही, ही साखळी कागदावर दाखवावी लागते.

दुसरा प्रश्न, पाठवता येतंय पण परवडत नाही. याचा १२१८ शी काही संबंध नाही. हे ११९५, आणि मला विचाराल तर तुमच्या ॲग्रीमेंटमधला खरा घाव इथे आहे. याच्यामागे मोठी गोष्ट आहे, थोडी सांगतोच. दक्षिण फ्रान्समध्ये क्रापोन नावाचा कालवा आहे, शेतीच्या पाण्याचा दर १५६० आणि १५६७ च्या करारांत ठरला, तीन सू. तीनशे वर्षांनी त्या पैशात कालव्याची डागडुजी पण होईना, तिथल्या एक्स शहराच्या कोर्टाने दर वाढवून ६० सांतीम केला, आणि ६ मार्च १८७६ ला कूर द कासास्यों, म्हणजे तिथलं दिवाणी बाबतीतलं सगळ्यात वरचं कोर्ट, त्याने तो निकाल रद्द केला. म्हणाले किती का काळ लोटेना, करार तो करार, न्यायाधीशाने त्यात हात घालायचा नाही. सरकारी करारांचं कोर्ट वेगळं आहे तिकडे, कोंसेय देता. त्याने ३० मार्च १९१६ ला बरोब्बर उलटं केलं, बोर्दोच्या गॅस कंपनीची केस, युद्धामुळे कोळसा टनाला ३५ फ्रँकवरून ११७ वर गेला होता, आणि शहराला गॅस बंद पडू नये म्हणून कंपनीला भरपाई दिली. म्हणजे शंभर वर्षं तिकडे सरकारी ठेकेदाराला आधार होता आणि तुमच्यामाझ्यासारख्या खाजगी पार्टीला काही नाही.

हे बदललं २०१६ च्या सुधारणेने, १ ऑक्टोबर २०१६ पासूनच्या करारांना लागू. आता ११९५ म्हणतं की अंदाज न येण्यासारखा बदल झाला, काम पुरं करणं अति महाग झालं आणि ती रिस्क तुम्ही घेतलेली नव्हती, तर नव्याने बोलणी मागू शकता. जमलं नाही तर शेवटी एकटी पार्टी सुद्धा कोर्टात जाऊन करार बदलून किंवा संपवून मागू शकते. मात्र बोलणी चालू असताना माल पाठवत राहायचा, तोटा सोसून, हे कलमातच आहे. आणि ‘रिस्क घेतलेली नव्हती’ हे शब्द लक्षात ठेवा, तुमचा बायर नेमकं तेच तुमच्याकडून लिहून घेतोय. असं लिहून घेणं तिकडे चालतं, सर्रास घेतात.

तिसरा प्रश्न नंतर, कोर्टाची वेळ झाली.

पामबीच_रोड:
एवढं कशाला ताणताय. कोविडमध्ये फ्रान्स सरकारनेच डिक्लेअर केलं होतं की फोर्स मेजर आहे, विषय संपला. परत काही झालं तर परत डिक्लेअर करतील. करा सही, ऑर्डर येतीय घरी चालून.

घणसोली_लीगलडेस्क:
@पामबीच_रोड दादा, ते अर्धंच आहे. २८ फेब्रुवारी २०२० ला त्यांचे अर्थमंत्री ब्रुनो ल मेर बोलले होते ते सरकारने स्वतः दिलेल्या ठेक्यांबद्दल, की सरकार त्यात उशिराची पेनल्टी लावणार नाही. दोन कंपन्यांमधल्या करारात मंत्री काय बोलला याने काही होत नाही, ते कोर्ट ठरवतं. आपल्याकडे पण अर्थ मंत्रालयाने १९ फेब्रुवारी २०२० ला असंच मेमो काढलं होतं सरकारी खरेदीसाठी, आणि किती लोक ते व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवून मालकाला भाडं देणार नाही म्हणत होते आठवतंय ना.

बाकी खास आरोग्य संकटासाठी म्हणून जे झालं ते वेगळंच, २५ मार्च २०२० ला एका दिवसात ढीगभर अध्यादेश. त्यातल्या ३०६ नंबरच्या अध्यादेशाने १२ मार्च ते २३ जून २०२० हा काळ संरक्षित धरला, त्या काळात मुदत चुकली म्हणून लागणारी पेनल्टी किंवा करार रद्द करायचा क्लॉज लगेच लागू होत नव्हता, पुढे ढकलला जायचा. पण काम करायची जबाबदारी माफ नव्हती, आणि तो कायदा त्या वेळेपुरता होता. पुढच्या वेळी निघेलच अशी कोणी गॅरंटी दिलेली नाही.

पण ताई, मला वाटतं वकीलसाहेबांनी एक गोष्ट सोडली. तुम्ही माल विकताय, सर्व्हिस नाही. आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा व्हिएन्ना करार आहे, १९८० चा, सीआयएसजी म्हणतात. भारत त्यात नाही, फ्रान्स आहे. आणि करारात फ्रेंच कायदा म्हटलं की तो पण फ्रेंच कायद्याचाच भाग म्हणून आत येतो, जर तुम्ही स्पष्ट लिहून बाहेर ठेवला नसेल तर. म्हणजे १२१८ च्या जागी त्यातलं कलम ७९ लागू होऊ शकतं. तुमच्या ड्राफ्टमध्ये १२१८ नाव घेऊन लिहिलंय, त्यामुळे गुंता अजून वाढतो, कोणतं चालणार यावर दोन्हीकडचे वकील सहा महिने भांडतील. गव्हर्निंग लॉचा (कोणत्या देशाचा कायदा लागू ते सांगणारा) क्लॉज पूर्ण वाचून इथे टाका, नावं काढून.

कलम ७९ मध्ये एक बारीक मेख आहे, अडचण आली की वाजवी वेळेत समोरच्याला कळवायचं, नाही कळवलं तर न कळवल्यामुळे झालेलं नुकसान तुमच्या डोक्यावर. आणि त्यात फक्त नुकसानभरपाई माफ होते, बायर करार रद्द करू शकतो की नाही तो हिशोब वेगळा.

लिऑन_ते_खारघर:
मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे लिऑनलाच होते म्हणून लिहिते, कायदा मला कळत नाही पण लोकांचं काय झालं ते बघितलंय. १४ मार्च २०२०, शनिवार, संध्याकाळी पंतप्रधान एदुआर फिलिप टीव्हीवर आले आणि म्हणाले आज रात्री बारापासून हॉटेलं, कॅफे, बार सगळं बंद. आमच्या खालीच एक छोटं रेस्टॉरंट होतं, मालकीणबाई ओळखीच्या, त्यांचा फ्रीज शनिवार रविवारसाठी भरलेला, रात्री साडेदहाला जिन्यात उभ्या राहून शेजाऱ्यांना चिकन आणि चीज वाटत होत्या, आम्ही दोन पिशव्या घेतल्या. मग प्रश्न भाड्याचा. सरकार म्हणतं उघडू नका, मालक म्हणतो भाडं द्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, मला जागा वापरताच येत नाही तर भाडं कशाचं, आणि मला पण तेव्हा ते शंभर टक्के बरोबर वाटायचं. छोट्या धंद्यांना भाडं थकलं म्हणून दंड लावू नका असा अध्यादेश निघाला पण भाडं बुडवा असं कुठे म्हटलं नव्हतं. त्यांनी थोडं थोडं करून फेडलं.

आणि आमचं स्वतःचं, मे महिन्याची पॅकेज टूर होती, ती रद्द झाली, एजंटने पैसे परत न देता व्हाउचर मेल केलं, १८ महिने वापरा, नाही वापरलं तर मग पैसे. मी फोनवर भांडले तर म्हणाला मॅडम कायदाच तसा केलाय सरकारने. आणि खरंच केला होता. मग जून २०२३ ला युरोपच्या कोर्टाने सांगितलं की असं चालत नाही, पॅकेज टूरचे परत करायचे म्हणजे पैसेच. तोपर्यंत आम्ही सामान बांधून खारघरला परत पण आलो होतो.

पाचपाखाडी_बार:
आलो परत. @घणसोली_लीगलडेस्क सीआयएसजीचा मुद्दा एकदम बरोबर, आणि ताईंच्या केसमध्ये तोच पहिला बघायला हवा. त्याला जोडून एक केस सांगतो, स्टीलचीच आहे. बेल्जियमच्या कासास्यों कोर्टात १९ जून २००९ ला निकाल लागला, विकणारी फ्रेंच ट्यूब कंपनी, घेणारी डच, करार झाल्यावर स्टील ७० टक्के महागलं, आणि कोर्टाने व्हिएन्ना करारातूनच वाट काढून म्हटलं की विकणारा नव्याने बोलणी मागू शकतो. फ्रान्सचं कोर्ट ते मानेलच असं नाही, मतं फुटलेली आहेत, पण बोलणीत वापरायला हत्यार चांगलं आहे.

आता तिसरा प्रश्न, बायरचा प्लांट बंद झाला तर पैसे. इथे ताई तुमची बाजू भक्कम आहे. कूर द कासास्योंच्या कमर्शियल चेंबरने १६ सप्टेंबर २०१४ लाच म्हटलंय की पैसे देण्याच्या जबाबदारीतून फोर्स मेजर सांगून सुटता येत नाही. तर्क असा की तुमच्याकडे पैसे नसले तरी पैसा ही गोष्ट जगातून नाहीशी झालेली नाही. लिऑनवाल्या ताईंच्या मालकीणबाईंचा प्रश्नही शेवटी तिथेच गेला, ३० जून २०२२ ला एकाच दिवशी तीन निकाल, दुकानाचं भाडं द्यावंच लागेल. बंदी सगळ्या देशासाठी होती आणि तात्पुरती होती, जागेत काही दोष नव्हता, मालकाने जागा दिलेलीच होती, त्यामुळे जागा नष्ट झाली असंही म्हणता येत नाही. आणि ज्याला सेवा मिळायची आहे पण ती घेता येत नाही तो फोर्स मेजर वापरू शकत नाही, हे तर २५ नोव्हेंबर २०२० च्या निकालातच आलं होतं, एक जोडपं गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला गेलं, नवरा मध्येच हॉस्पिटलात ॲडमिट झाला, राहिलेल्या दिवसांचे पैसे मागितले, वरच्या कोर्टात टिकलं नाही. मला तो निकाल माणुसकीच्या दृष्टीने पटत नाही, पण आहे तो आहे.

आपलं मुंबई हायकोर्ट पण फार लांब नव्हतं, ८ एप्रिल २०२० ला दक्षिण कोरियाहून स्टील मागवणाऱ्यांनी लॉकडाऊन सांगून बँकेचं पेमेंट थांबवायला ऑर्डर मागितली, कोर्ट म्हणालं माल निघालाय, लॉकडाऊन थोड्या काळाचा आहे, पैसे द्यायची जबाबदारी टळत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर, या कायद्यात संकट कितीही मोठं असो, वाचवतो तो तुमचा क्लॉज. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ईडीएफ (फ्रान्सची मोठी वीज कंपनी) आणि टोटाल डिरेक्ट एनर्जीचं (तिच्याकडून वीज घेऊन विकणारी). टोटालने ईडीएफकडून अणुवीज ४२ युरो मेगावॅटअवरला घ्यायचा करार होता, लॉकडाऊनमध्ये बाजारभाव कोसळला, टोटाल म्हणाली फोर्स मेजर, करार थांबवा. नुसत्या १२१८ वर ती हरली असती, वीज घेणं अशक्य कुठे होतं. पण त्यांच्या करारातली व्याख्याच मोकळी होती, वाजवी आर्थिक परिस्थितीत काम करणं अशक्य झालं तरी चालेल अशी. त्यावर पॅरिसच्या कमर्शियल कोर्टाने २० मे २०२० ला त्यांच्या बाजूने ऑर्डर दिली आणि २८ जुलैला अपील कोर्टाने ती कायम केली. चार शब्दांचा खेळ.

आणि पेनल्टी. फ्रेंच कोडचं कलम १२३१-५, पेनल्टी उघड उघड जास्त असेल तर न्यायाधीश कमी करू शकतो, आणि हे करारात लिहूनही काढून टाकता येत नाही. हे एक कलम तरी तुमचा बायर खोडू शकणार नाही.

रबाळे_३१६एल:
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दिराला बसवून वाचून दाखवलं, तो ११९५ वर गप्प झाला कारण मार्च २०२२ मध्ये निकेल एलएमईवर (लंडनचा धातूबाजार) एका दिवसात लाख डॉलरच्या वर गेलं होतं तेव्हा आम्ही जुन्या भावाची पीओ पुरी करत बसलो होतो, ते त्यालाच जास्त लागलं होतं.

गव्हर्निंग लॉचा क्लॉज बघितला, नुसतं ‘फ्रान्सचा कायदा’ आहे, व्हिएन्ना वगैरे काही उल्लेख नाही. म्हणजे सीआयएसजी आत आहे असं धरायचं ना?

मी असं कळवायचं म्हणते, माहीत असलेल्या साथीची ती ओळ ठेवा हवी तर, पण सरकारी हुकुमाने आमचा किंवा जॉबवर्कवाल्याचा गाळा बंद झाला तर ते फोर्स मेजर असं वेगळं लिहा. आणि ११९५ काढायचंच असेल तर निकेलच्या भावाला बांधलेला फॉर्म्युला द्या, ठरावीक टक्क्याच्या वर गेलं की दर बदलणार. बरोबर आहे का?

घणसोली_लीगलडेस्क:
हो, आत आहे असं धरून चाला. मागणी मस्त आहे, विशेषतः जॉबवर्कवाल्याचं नाव घेतलं ते, कारण तुमचा सप्लायर अडकला म्हणून तुम्ही सुटत नाही, दोघांचीही अडचण दाखवावी लागते, कलम ७९ मध्ये तसंच आहे. फॉर्म्युला फक्त वर जाताना नाही, खाली येताना पण बायरला फायदा देणारा ठेवा, मग तो पटकन हो म्हणेल. आणि सीआयएसजी ठेवायची की बाहेर काढायची हे सांगून टाका, अर्धवट सोडू नका. मी तुमच्या जागी असते तर ठेवली असती.

न्हावाशेवा_सीएचए:
कायद्यातलं वकील बघतील, मी कागदाचं सांगतो. २०२० मध्ये ज्यांचे क्लेम टिकले त्यांच्याकडे तारखेचे कागद होते, बाकीच्यांकडे फक्त कहाणी. गाळा बंदचा सरकारी हुकूम, पोरांची हजेरी, जॉबवर्कचं चलन, सीएफएसची (कंटेनर ठेवायच्या यार्डाची) गेट एंट्री, शिपिंग लाइनचा जहाज कॅन्सलचा मेल, हे सगळं त्याच दिवशी एका फोल्डरला टाकायचं. बायरला पहिला मेल पण त्याच दिवशी, माल किती तयार, किती अडकलाय, अंदाजे कधी निघेल. आणि ताई, ॲग्रीमेंटमध्ये नोटीसचा पत्ता बघा, कुरियरने पाठवायची लिहिलं असेल तर मेलची पण सोय करून घ्या, लॉकडाऊनमध्ये कुरियर कोण नेणार होतं.

रबाळे_३१६एल:
काका बघितलं आत्ता. रजिस्टर्ड पोस्टच लिहिलंय.